साताचा ‘एक’ कुठे आहे? प्रोग्रेसिव्ह रॉकमधले विषम ताल ऐकणे, मोजणे आणि वाजवणे

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे ‘मनी’ हे गाणे लावून नेहमीच्या सवयीने दोन आणि चार या मात्रांवर टाळी देत बसलेल्या माणसाची पहिली फेरी व्यवस्थित पार पडते. दुसऱ्या फेरीत त्याची प्रत्येक टाळी उलट्या जागी पडू लागते, आणि गोंधळून तो थांबला नाही, तर तिसऱ्या फेरीत काहीही न करता ती पुन्हा सरळ होते. गाणे चुकलेले नसते आणि माणूसही बेताल नसतो. फेरी, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे आवर्तन, सात मात्रांची आहे आणि टाळी दोनाच्या हिशेबाने चालली आहे, एवढेच काय ते झालेले असते.

अशा गाण्यांविषयी बोलताना ‘हे सातात आहे’, ‘ते तेरात आहे’ असे आकडे फेकण्याची पद्धत आहे, आणि त्यामुळे नवा श्रोता हा प्रकार गणिताचा समजून दूर राहतो. या लेखात मला एकच गोष्ट पटवायची आहे, ती म्हणजे आकडा शेवटी सापडतो, आधी गट ऐकू यावे लागतात. सात, नऊ, तेरा किंवा पंधरा, कोणतीही विषम फेरी दोनाच्या आणि तीनाच्या तुकड्यांनी बनलेली असते, आणि ते तुकडे पायाला व जिभेला कळले की मोजण्याची गरज हळूहळू संपते. ज्यांना तबल्याचे चार ठेके माहीत आहेत, किंवा जे गिटार, बास, ड्रम यांपैकी काही वाजवतात, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम लावला आहे. केवळ ऐकणाऱ्यांनी सातव्या पायरीपर्यंत यावे आणि शेवटच्या दोन पायऱ्या सोडून द्याव्यात.

कामापुरती पार्श्वभूमी

साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जी प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रॉक रचनांची, लाट आली, तिच्यातल्या वादकांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ दोन्ही ऐकलेले होते. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ हा अल्बम १९५९ साली आला. त्यातले पॉल डेसमंड यांचे ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे, तर ब्रूबेक यांनी तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकलेल्या लयीवरून रचलेले ‘ब्लू रोन्डो अ ला टर्क’ नऊ मात्रांत, दोन-दोन-दोन-तीन अशा गटांत चालते. गंमत अशी की पुढे प्रोग्रेसिव्ह रॉकचा मोठा कीबोर्डवादक ठरलेल्या कीथ एमर्सन यांनी ‘द नाइस’ या बँडमध्ये ‘रोन्डो’ नावाने याच रचनेचा आधार घेतला, तेव्हा तिची नवाची फेरी काढून ती सरळ चारात बसवली. म्हणजे या संगीताची सुरुवात काही विषम तालाच्या हट्टातून झालेली नाही. १९६९ साली जेथ्रो टल या बँडचे ‘लिव्हिंग इन द पास्ट’ हे पाच मात्रांचे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, आणि पाचाच्या फेरीवर सामान्य श्रोताही डोलू शकतो हे दिसून आले.

पायरी १ : दोन आकड्यांचा अर्थ समजून घ्या

टाइम सिग्नेचर लिहिताना एकावर एक दोन आकडे असतात. वरचा आकडा एका बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या एका मापात, किती मोजायचे ते सांगतो, आणि खालचा आकडा काय मोजायचे ते सांगतो. खाली ४ असेल तर क्वार्टर नोट मोजायची, ८ असेल तर तिच्या निम्म्या लांबीची एट्थ नोट मोजायची. आपल्या तालपद्धतीत खालच्या आकड्याला जोड नाही, कारण ते काम विलंबित, मध्य आणि द्रुत या लयी करतात. त्यामुळे तबला शिकलेल्या माणसाला ७/४ आणि ७/८ यांत फरक काय, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

फरक कागदावर शोधण्यापेक्षा पायात शोधावा. ‘मनी’ ७/४ मध्ये आहे, आणि त्यात पाय प्रत्येक मात्रेवर आपटता येतो. जेनेसिस या बँडच्या ‘द सिनेमा शो’ (१९७३) या गाण्याच्या उत्तरार्धात कीबोर्डचा जो लांबलचक वाद्यखंड आहे, तो ७/८ मध्ये आहे. तिथे प्रत्येक मात्रेवर पाय आपटायला गेल्यास दम लागतो, म्हणून पाय आपोआप गटांवर पडू लागतो आणि एका फेरीत काही ठोके आखूड व एक लांब असे जाणवते. खाली ८ असलेल्या वेगवान फेरीचा स्वभाव असा असतो. तरीही खालच्या आकड्यावरून वाद घालत बसू नये. जेनेसिसचेच ‘टर्न इट ऑन अगेन’ (१९८०) कोणी १३/४ म्हणून लिहितो, कोणी १३/८ म्हणून, आणि दोघेही तेच गाणे ऐकत असतात.

पायरी २ : सम शोधा

सम म्हणजे फेरीची पहिली मात्रा. पहिल्या अभ्यासाला ‘मनी’च घ्यावे, कारण ते संथ आहे, त्याची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारी छोटी सुरावट, ठसठशीत आहे आणि ती बासवर एकटीच सुरू होते. १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधले हे गाणे रॉजर वॉटर्स यांचे आहे. त्याच्या आरंभी नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचे यंत्र असे आवाज एकामागून एक येतात. हे आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून टेपचे तुकडे मोजून कापले गेले आणि ते जोडून टेपचा एक फेरा तयार करण्यात आला. त्या फेऱ्यात सात आवाज आहेत. म्हणजे गाण्याची फेरी एकही सूर लागण्याआधीच ऐकणाऱ्याच्या कानात घातलेली आहे. हेडफोन लावून फक्त एवढाच भाग पाच-सहा वेळा ऐकावा आणि आवाज मोजावेत.

नंतर बास सुरू होतो. त्याच्या रिफमध्ये सात मात्रांत आठ सूर आहेत. पहिल्या मात्रेवर षड्ज धरला, तर दुसऱ्या मात्रेच्या पोटात दोन सूर येतात, तार षड्ज आणि त्याखालचा पंचम. तिसऱ्या मात्रेवर पुन्हा मूळ षड्ज येतो. चौथ्या मात्रेवर मंद्र पंचम, पाचव्यावर मंद्र कोमल निषाद, सहाव्यावर षड्ज आणि सातव्यावर कोमल गंधार लागतो. हार्मोनियमवर कोणताही षड्ज धरून हे वाजवता येते. मूळ गाण्यात षड्ज म्हणजे बी हा सूर आहे. वाजवून पाहिल्यावर लक्षात येईल की पहिल्या तीन मात्रांत रिफ वर उडी मारून परत घरी येते, आणि पुढच्या चार मात्रांत ती खालून एकेक पायरी चढत येते. चढत असताना आता आणखी एक पायरी असणार असे वाटते, आणि नेमकी तिथेच सम येऊन बसते. आठवी मात्रा नाही हे कानाला कळण्याचा तो क्षण आहे. सम शोधायची म्हणजे तो क्षण शोधायचा.

इतर कोणत्याही गाण्यात सम शोधताना गाणाऱ्याकडे किंवा गिटारच्या सोलोकडे कान देऊ नये, ते बऱ्याचदा समेच्या आधी सुटतात किंवा नंतर येतात. बास आणि किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जिथे एकत्र पडतात आणि तीच आकृती जिथून पुन्हा सुरू होते, तिथे एक म्हणून पाहावे आणि किमान चार फेऱ्या ती जागा टिकते का ते तपासावे.

पायरी ३ : दोन आणि तीन यांचे गट बोला

सम सापडली की आकडे सोडून द्यावेत. मराठी आकडे मोजायला तसेही सोयीचे नाहीत, कारण ‘सात’ एका झटक्यात होतो, ‘सहा’ला दोन अक्षरे लागतात आणि वेग वाढला की जीभ अडखळते. मी त्याऐवजी स्वयंपाकघरातले दोन शब्द वापरतो. दोनाच्या गटाला ‘भाजी’ म्हणायचे आणि तीनाच्या गटाला ‘बटाटा’. ऱ्हस्व-दीर्घ विसरून प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ द्यायचा आणि गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी द्यायची. पाचाची फेरी ‘बटाटा-भाजी’ किंवा ‘भाजी-बटाटा’ अशी होते. साताची फेरी ‘भाजी-भाजी-बटाटा’, ‘भाजी-बटाटा-भाजी’ किंवा ‘बटाटा-भाजी-भाजी’ अशी तीन प्रकारे होते. तिन्ही बोलून पाहिल्यास एकाच आकड्याच्या पोटात तीन वेगळे ताल आहेत हे तत्काळ कळते, आणि ‘हे गाणे सातात आहे’ हे वाक्य किती अपुरे आहे तेही कळते.

तबला शिकलेल्यांना इथे मोठा फायदा आहे आणि एक सापळाही आहे. रूपक सात मात्रांचा आहे, ‘ती ती ना धी ना धी ना’ असा तीन-दोन-दोन गटांत चालतो, आणि भावगीते व गझला ऐकून वाढलेल्या माणसाला त्याची सवय असते. त्यामुळे सात हा आकडा त्याला घाबरवत नाही. पण रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे जड आघात नसलेल्या मात्रेवर, आहे. बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा पहिल्या मात्रेवर येत नाही, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. रॉकमध्ये याच्या उलट असते, तिथे सर्वांत जड ठोका पहिल्या मात्रेवर पडतो. परिणामी रूपक अंगवळणी पडलेला कान जड ठोका ऐकला की नकळत त्याला चौथी मात्रा समजतो आणि सम तीन मात्रा मागे नेऊन ठेवतो. मी स्वतः ‘मनी’ बरेच दिवस असे चुकीचे ऐकत होतो, आणि ते मला अगदी बरोबर वाटत होते. यावर उपाय म्हणजे रॉक ऐकताना रूपकाचे बोल मनात येऊच न देता ‘भाजी-भाजी-बटाटा’ यापासून सुरुवात करणे.

दुसरा फरक असा की आपल्याकडे एका बंदिशीचा ताल ठरला की तो बंदिश संपेपर्यंत पाळला जातो, तर प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये एकाच गाण्यात फेरीची लांबी कितीही वेळा बदलू शकते. ‘मनी’मध्येच डिक पॅरी यांचा सॅक्सोफोनचा सोलो साताच्या फेरीवर आहे, आणि त्यानंतर डेव्हिड गिल्मर यांचा गिटारचा सोलो सरळ चाराच्या फेरीवर आहे. सोलो संपल्यावर सात परत येतात. हा बदल ऐकून ओळखता आला, तर ही पायरी पक्की झाली असे समजावे.

पायरी ४ : पाय सोडा, फेरी धरा

पीटर गॅब्रिएल यांनी जेनेसिस सोडल्यानंतर १९७७ साली ‘सॉल्सबरी हिल’ हे गाणे केले. ते ७/४ मध्ये आहे आणि तरीही इतके सुखाने वाहते की अनेकांना त्यात विषम काही असल्याचा पत्ताही लागत नाही. याचे कारण त्याच्या किक ड्रममध्ये आहे. तो प्रत्येक मात्रेवर, न थांबता, एकसारखा पडत राहतो. फेरीची लांबी सुरावट सांगते, ठोका सांगत नाही.

या गाण्याबरोबर एक व्यायाम करावा. पाय एक सोडून एक मात्रेवर आपटायचा आणि तोंडाने सुरावट गुणगुणायची. पहिल्या फेरीत पाय एक, तीन, पाच, सात या मात्रांवर पडेल आणि दुसऱ्या फेरीत दोन, चार, सहा या मात्रांवर. दोन फेऱ्या मिळून चौदा मात्रा होतात, पाय सात वेळा पडतो आणि मग पुन्हा समेवर येतो. सुरुवातीला दुसऱ्या फेरीत पाय ओढून समेवर आणावासा वाटेल, तो मोह टाळावा. कोरसच्या शेवटी एके ठिकाणी चार मात्रांचा बार येतो, तिथे हिशेब बदलेल आणि तो बदल पायाला आधी जाणवेल. हा व्यायाम जमला की शरीर दोन गोष्टी एकाच वेळी धरायला शिकते, आणि पुढचे जवळजवळ सगळे त्यावरच उभे आहे.

पायरी ५ : वेगवान आकृती जिभेवर बसवा

कॅनडातल्या रश या बँडचे ‘वाय-वाय-झेड’ हे वाद्यगीत १९८१ सालच्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या अल्बममध्ये आहे. वाय-वाय-झेड ही टोरंटोच्या विमानतळाची सांकेतिक अक्षरे, आणि गाण्याच्या आरंभीची लय म्हणजे ती अक्षरे तारयंत्राच्या मोर्स लिपीत. मोर्समध्ये वाय हे अक्षर लांब-तुटक-लांब-लांब असे आहे आणि झेड हे लांब-लांब-तुटक-तुटक असे आहे. लांब खुणेला एक मात्रा आणि तुटक खुणेला अर्धी मात्रा दिली, तर पहिला वाय साडेतीन मात्रांचा होतो, दुसराही साडेतीन मात्रांचा होतो आणि झेड तीन मात्रांचा होतो. बेरीज दहा येते, म्हणून ही आकृती १०/८ मध्ये लिहितात.

दहा म्हटल्यावर झपताल आठवतो, पण इथे त्याचा काही उपयोग नाही. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे आहेत, तर इथे गट साडेतीन, साडेतीन आणि तीन असे पडतात आणि पहिल्या दोन गटांमधली सीमा मात्रेच्या मध्यावर येते. ही फेरी मोजून पकडण्याचा प्रयत्न मी लगेच सोडला आणि बोल बसवले. लांब खुणेला ‘धा’ आणि तुटक खुणेला ‘ति’ म्हणायचे: ‘धा ति धा धा, धा ति धा धा, धा धा ति ति’. ‘ति’ला ‘धा’च्या बरोबर निम्मा वेळ द्यायचा. हे बोल रिक्षात, स्वयंपाक करताना, कुठेही पुटपुटत राहावेत. दोन दिवसांत मूळ गाणे लावल्यावर ते आपल्याआधीच आपल्या तोंडात असल्यासारखे वाटते. विषम आकड्याच्या नावाखाली ज्याची भीती बाळगली जाते, ते अनेकदा असे एक छोटे वाक्यच असते.

इथे शब्दाबद्दल थोडा खुलासा करतो. दहा हा सम आकडा आहे, मग याला विषम ताल का म्हणायचे? कारण विषमता बेरजेत नसून गटांच्या असमान लांबीत आहे. टूल या बँडचे ‘स्किझम’ (२००१) तर पाच आणि सात अशा आलटून-पालटून येणाऱ्या बारांवर चालते, ज्यांची बेरीज बारा होते. एकतालाच्या सवयीने त्यात दोन-दोन मात्रांचे सहा गट पाडायला गेलो, तर सुरुवात सुरळीत वाटते आणि पाचव्या मात्रेनंतर सगळे विस्कटते.

पायरी ६ : बदलत्या बारांचा नकाशा काढा

यापुढे कागद-पेन्सिल हवी. गाणे थोडे हळू करून ऐकण्याची सोय हल्ली जवळजवळ प्रत्येक प्लेअरमध्ये असते, ती वापरावी. प्रत्येक बारसाठी गटांचे आकडेच लिहावेत, टाइम सिग्नेचर लिहू नये. सात असेल तर ‘२२३’, नऊ असेल तर ‘२२२३’, अशा नोंदी एकाखाली एक लिहीत गेले की पुनरावृत्ती डोळ्यांना दिसू लागते.

सुरुवातीला माइक ओल्डफिल्ड यांच्या ‘ट्युब्युलर बेल्स’ची (१९७३) आरंभीची पियानोची आकृती घ्यावी. तिच्यात सातचा एक बार आणि आठचा एक बार अशी जोडी फिरत राहते, मिळून पंधरा. ऐकताना आठचा बार विसाव्यासारखा वाटतो आणि सातचा बार पुढे ढकलतो, आणि त्यातूनच त्या सुरावटीला न संपणारी अस्वस्थता येते. नंतर टूलचे ‘लॅटरॅलस’ (२००१) घ्यावे, ज्याच्या कोरसमध्ये नऊ, आठ आणि सात असे बार क्रमाने येतात. आपल्या बृहत् अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरे असतात, आणि आखूड चौथ्या चरणामुळे कडवे मिटल्यासारखे वाटते. अभंग गाताना तालाने ती लांबी भरून निघते हे खरे, पण आखूड होत जाणाऱ्या ओळीने ओढ कशी निर्माण होते हे ज्याच्या कानाला ठाऊक आहे, त्याला हा नऊ-आठ-सातचा उतार परका वाटू नये.

ड्रीम थिएटरच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ (१९९९) या वाद्यगीतात टाइम सिग्नेचर शंभरांहून अधिक वेळा बदलते. त्याचा पूर्ण नकाशा काढण्याचा हट्ट धरू नये. वीस-तीस सेकंदांचा एखादा तुकडा निवडून तेवढाच उलगडावा. मला विचाराल तर त्या गाण्यात कौतुक करावे असे बरेच आहे आणि गुणगुणावे असे थोडे.

पायरी ७ : दोन थर वेगळे ऐका

कॉलेजच्या एका कार्यक्रमात मी बासवर साताची रिफ धरून होतो आणि सोलो संपल्याचा इशारा न दिसल्यामुळे ड्रमवादक मित्र चाराचा ठेका तसाच वाजवत राहिला. एकमेकांकडे डोळे वटारून पाहण्यात आमच्या काही फेऱ्या गेल्या. मग माझ्या चार फेऱ्या आणि त्याचे सात बार पूर्ण झाल्यावर, म्हणजे अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर, आम्ही दोघे आपोआप एका समेवर उतरलो, आणि श्रोत्यांनी ते ठरवून केलेले समजून टाळ्या दिल्या. आमच्याकडून जे चुकून झाले, ते अनेक बँड जाणीवपूर्वक करतात. दोन वाद्ये एकाच लयीत, पण वेगवेगळ्या लांबीच्या फेऱ्यांत चालवायची आणि त्या कधी भेटतात ते श्रोत्याला ऐकू द्यायचे.

याचे सोपे उदाहरण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सीमेवरचे आहे. लेड झेपलिनच्या ‘कश्मीर’मध्ये (१९७५) ड्रम चाराच्या फेरीत चालतात आणि गिटारची आकृती तीनाच्या, त्यामुळे दोन्ही दर बारा मात्रांनी भेटतात. एका हाताने मांडीवर चाराची सम आणि दुसऱ्या हाताने तीनाची सम दाखवत ते ऐकावे. किंग क्रिम्सनच्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये (१९८१) रॉबर्ट फ्रिप आणि अ‍ॅड्रियन बेल्यू यांची दोन गिटार साताची एकच द्रुत आकृती एकत्र सुरू करतात, आणि मग एक गिटार आकृतीतला एक सूर गाळते. त्यामुळे ती दर फेरीला एका सुराने पुढे सरकते, दोन्हींची जाळी विस्कटत जाते. इथे मोजण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. डाव्या कानाला एक गिटार आणि उजव्या कानाला दुसरी असे लक्ष आलटून-पालटून द्यावे.

या प्रकारातला माझा सर्वांत आवडता तुकडा मात्र जेनेसिसच्या ‘सपर्स रेडी’ (१९७२) या सुमारे तेवीस मिनिटांच्या रचनेतला आहे, आणि त्याच्या नावातच नऊ अष्टमांशाचा उल्लेख आहे: ‘अपॉकॅलिप्स इन नाइन एट’. बास, गिटार आणि ड्रम तीन-दोन-चार अशा गटांची नवाची आकृती हातोड्यासारखी ठोकत राहतात. आपल्या भाषेत ‘बटाटा-भाजी-भाजीभाजी’. तिच्यावर टोनी बँक्स यांचा ऑर्गन स्वतःच्या वेगळ्या हिशेबाने फिरतो. तो काही ठिकाणी चारात, काही ठिकाणी सातात बोलतो आणि खालच्या नवाशी जणू त्याचा संबंधच नाही असे भासवतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त खालची आकृती बोलत राहावी, ऑर्गन ऐकूच नये. दुसऱ्यांदा फक्त ऑर्गन ऐकावा. तिसऱ्यांदा आकृती तोंडाने बोलत ऑर्गनकडे लक्ष द्यावे. ज्या दिवशी बोल न सुटता ऑर्गनची वाक्ये स्वतंत्रपणे कळतील, त्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीवरची गाणी लावून पाहावीत, ती कमालीची सोपी वाटतात.

पायरी ८ : वाजवायला बसा

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावावा आणि त्याची समेवरची वेगळी घंटी बंद ठेवावी. घंटी सुरू असली की सम मेट्रोनोम शोधतो, आपण शोधत नाही. साताची रिफ निवडून ती प्रथम बोलावी, मग बोलत वाजवावी, मग न बोलता वाजवावी. वेग पाच-पाच ठोक्यांनीच वाढवावा. नंतर मेट्रोनोम निम्म्या वेगावर आणून एक सोडून एक मात्रेवर ठोका घ्यावा. चौथ्या पायरीतला पायाचा व्यायाम इथे बोटांत येतो.

ड्रम वाजवणाऱ्यांसाठी साताचा साधा आराखडा असा की किक पहिल्या मात्रेवर ठाम ठेवावा, स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दोन, चार आणि सहा या मात्रांवर द्यावा, आणि सातव्या मात्रेवर स्नेअर न देता सरळ समेवर यावे. सातवी आणि पहिली अशा लागोपाठ दोन मात्रा स्नेअरशिवाय जातात, आणि फेरी वळल्याचे सर्वांना कळते. हात सवयीने आठवी मात्रा भरायला जातो. ते टाळण्यासाठी पहिले काही दिवस सातव्या मात्रेवर हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, उघडून समेवर बंद करावी.

बँडमध्ये सर्वाधिक चुका फेरी बदलताना होतात, चाराच्या सोलोवरून साताच्या रिफवर परत येताना. यासाठी आपली तिहाई उत्तम कामाला येते. सातच्या दोन फेऱ्या म्हणजे चौदा मात्रा, आणि पंधरावी मात्रा म्हणजे पुढची सम. पाच मात्रांचा एक तुकडा बसवावा, ज्याचा शेवटचा आघात पाचव्या मात्रेवर पडतो. तो समेपासून सुरू करून, मध्ये न थांबता तीनदा वाजवला, तर आघात पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या मात्रेवर पडतात, आणि शेवटचा बरोबर समेवर येतो. मात्र तिहाई सुरू होण्याआधी सर्वजण सातात आलेले असले पाहिजेत. म्हणून सोलो वाजवणाऱ्याने आपल्या शेवटच्या बारमध्ये मान हलवून इशारा द्यावा असे आधी ठरवून ठेवावे. आमच्या त्या कार्यक्रमात नेमके हेच ठरलेले नव्हते.

पायरी ९ : स्वतःची रिफ घडवा

आठ मात्रांची, गुणगुणण्यासारखी एक साधी रिफ घ्यावी आणि तिची शेवटची मात्रा कापून टाकावी. वीसेक वेळा सलग वाजवावी. ती लंगडत असेल, तर कापलेली मात्रा शेवटची न ठेवता मधली कापून पाहावी, किंवा जड सुरांच्या जागा बदलून गट दोन-दोन-तीन यांऐवजी तीन-दोन-दोन करावेत. दुसरा मार्ग वाढवण्याचा आहे. चाराच्या बारला शेवटी एक एट्थ नोट जोडली की नवाची फेरी होते आणि रिफ समेपूर्वी श्वास घेतल्यासारखी थबकते. कापल्याने घाई येते, जोडल्याने ओढ येते, आणि कोणते हवे ते गाण्याच्या शब्दांवरून ठरवावे. दोन्ही करून पाहिल्यावर मूळ आठच बरी वाटली, तर ती तशीच ठेवावी. कीथ एमर्सन यांनीही नवाचे चार केले होतेच.

जमलेली रिफ फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि लगेच ऐकू नये. दुसऱ्या दिवशी ती लावून दोन आणि चार या मात्रांवर टाळी देत बसावे. दुसऱ्या फेरीत टाळी उलटी पडून तिसऱ्या फेरीत सरळ झाली, तर रिफ सातातच आहे. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळच पडत राहिली, तर वाजवताना बोटांनी आठवी मात्रा गुपचूप परत आणलेली आहे, आणि मेट्रोनोम पुन्हा साठवर लावावा लागेल.